गाड्या गेल्या होत्या, कुणी बसलंच नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. सख्ख्या भावापाशी नाही, देवापुढे नाही — आणि देव आमच्या उज्जैनात पावलापावलावर आहेत, जागेची अडचण नव्हती. आज बोलतोय म्हणजे माझं मन वगैरे भरून आलंय असं समजू नका. तुमची दया मला नको. 'जाऊ द्या हो, होतं असं' म्हणणाऱ्यांचा तर मला मनापासून संताप येतो. काय होतं असं? कुणाच्या घरी होतं? तुम्ही केलंय?

बँकेतून रिटायर झालो आणि मी वार्डाच्या मागे लागलो. रस्ता, नाली, दिवे — नगर निगमात ज्ञापन, म्हणजे आपलं निवेदन, द्यायला मी पुढे, फोटोत मी मध्ये. आमची कॉलनी भैरवगढच्या बाजूला, आणि कॉलनीच्या मागेच ठप्पे मारून कपडा छापणाऱ्यांची गल्ली. सगळीकडे 'काळे साहब, काळे साहब' चालायचं. पार्षद, म्हणजे तुमच्याकडचा नगरसेवक, व्हायचं हे डोक्यात पक्कं बसलं होतं. कॉलनीतली मराठी मंडळी सकाळी फिरायला निघाली की मला 'या पार्षदजी' म्हणून चिडवायची, आणि मी वरवर हात झटकायचो. आणि ऐन वेळी आरक्षणाच्या चिठ्ठीत वार्ड निघाला बाईसाठी!

आता इथली रीत सांगतो. सीट बाईची निघाली की बायकोला उभं करायचं. ती निवडून आली की ती घरी पोळ्या लाटणार आणि निगमाच्या बैठकीला जाऊन आपण बसणार. अशा नवऱ्याला 'पार्षद पति' म्हणतात. लाजायचं सोडून लोक गाडीच्या काचेवर तसं लिहून घेतात! मीही तेच ठरवलं. सुनंदाला — माझ्या बायकोला — विचारलंसुद्धा नाही. कागद समोर ठेवले, म्हटलं, इथं सही कर.

सुनंदा साताऱ्याकडची. लग्न होऊन इथं आली, केस पांढरे झाले, तरी तिची हिंदी अजून 'मेरा साडी' आणि 'वो बस आया'. त्यावरून मी तिला चारचौघांत हसत आलो. पाहुण्यांसमोर नकला करून दाखवायचो. तीही हसायची. तिला मजा येत असेल असं वाटतं तुम्हाला? मला वाटायचं. म्हणजे — वाटून घ्यायचो.

पहिल्या नुक्कड सभेला मी तिला झकास भाषण लिहून दिलं. तिनं ते पर्समध्ये कोंबलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत सुरू झाली. नळ एक दिवसाआड येतो, त्यातही छापणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला येतच नाही, तर बायकांनी कपडा धुवायचा कसा आणि पोरांना पाजायचं काय — बस्स, एवढंच. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. त्या गल्लीतली मुन्नीबाई, रंगानं कोपरापर्यंत निळी झालेली धिप्पाड बाई, गर्दीतून पुढे आली आणि तिनं सुनंदाला मिठी मारली. माझ्या भाषणानंतर मला कधी कुणी मिठी मारलेली नव्हती.

मग ती रोजच त्या गल्लीत जायला लागली. चहा तिथं, जेवण तिथं. एकदा नळ आलाच नाही, तर सगळ्या बायकांना घेऊन रिकाम्या बादल्या मांडून ही भर रस्त्यात बसली. बसगाड्या अडल्या, इंजिनिअर धावत आला, संध्याकाळी टोकाच्या घरापर्यंत पाणी. ज्यासाठी मी वर्षानुवर्षं ज्ञापनं देत होतो! घरी आल्यावर मी तिला काय म्हणालो असेन? शाबास? छे. म्हणालो, उन्हातान्हात बसू नकोस, पित्त होईल.

फ्रीगंजात एका दुकानदारानं मला थांबवलं. त्याला मी चांगला ओळखतो, त्याच्या दुकानापुढचा खड्डा मी बुजवून घेतला होता. तो म्हणतो, 'आप सुनंदा दीदी के वो हैं ना? दीदी को बोल देना, इस बार वोट उनको ही है.' जळलो मी. नखशिखांत जळलो. याला दुसरा शब्द नाही, आणि शोधायचाही नाही मला.

मतदानाच्या आधल्या सकाळी पोहे पुढ्यात ठेवताना ती म्हणाली, "अहो, निवडून आले तर बैठकीला मी एकटीच जाईन बरं का. तुम्ही नका येऊ." रागानं नाही. लाडानं म्हणाली, नवी साडी घेतली म्हणून सांगावं तसं. मी हसलो. म्हटलं, जा की! आणि पोह्यांवर शेव घेतली.

आता ऐका, मुद्द्यावर येतो. तुम्ही कधीचे वाट बघताय, मला दिसतंय.

सुनंदाच्या विरोधात एका ठेकेदाराची बायको उभी होती. छापणाऱ्यांच्या गल्लीचं मतदानाचं केंद्र मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत, आणि वाटेवरच्या चौकात ठेकेदाराची माणसं खुर्च्या टाकून बसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण जातंय, कुणाकडे बघतंय, सगळं हेरणार. छापणाऱ्यांच्या बायका म्हणाल्या, आम्ही एकेकट्या जाणार नाही. दीदी, तू गाड्या पाठव, आम्ही सगळ्या मिळून येऊ. मतदारांसाठी गाड्या लावणं नियमात बसत नाही, पण इथं सगळेच लावतात. सुनंदानं शब्द दिला — गाडी येईपर्यंत दाराबाहेर पडू नका. आणि गाड्या ठरवायचं काम माझ्यावर सोपवलं. आणखी कुणावर सोपवणार ती?

मतदानाच्या दिवशी मी मॅजिकवाल्यांना, म्हणजे छोट्या व्हॅनवाल्यांना, सकाळीच सांगितलं, त्या गल्लीत जायचं नाही, प्लॅन बदललाय, तुम्ही आमच्या कॉलनीतल्या म्हाताऱ्यांना आणा. बस. केलं ते एवढंच.  आणि मला शांत वाटत होतं.

सुनंदा या केंद्रावरून त्या केंद्रावर पळत होती. आत मोबाइल चालत नाही म्हणून तिचा फोन माझ्या खिशात. दुपारपासून तो वाजायला लागला. मुन्नीबाई. पुन्हा मुन्नीबाई. मी आवाज बंद केला. मतदान संपल्यावर तिचे सगळे कॉल पुसले आणि फोन सुनंदाच्या हातात दिला. तिनं विचारलं, गल्लीतल्या बायका दिसल्या नाहीत हो? मी म्हणालो, "गाड्या गेल्या होत्या, कुणी बसलंच नाही. ठेकेदारानं गाठलं असणार. त्या लोकांचं असंच असतं."

हा मत्सर होता, असं म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. थांबा. अजून संपलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्नीबाई आमच्या फाटकाशी आली. सुनंदा देवपूजेला बसली होती, घंटी ऐकू येत होती. मुन्नीबाई भांडायला आली नव्हती हो! तोंड एवढंसं झालं होतं तिचं. म्हणाली, 'भाईसाब, गाड़ी क्यों नी आई? हम तो तैयार होके बैठे रहे. दीदी से एक बार मिलना है.' इथं मी नुसतं 'नंतर या' म्हणू शकलो असतो. एवढंही पुरलं असतं. पण मी तिला म्हणालो, "दीदीने ही मना किया था. बोलीं, उस गल्ली के बिना भी सीट निकल जाएगी."

 फाटकाला धरलेला हात तिनं काढून घेतला आणि पदर सारखा करत निघून गेली. आत येऊन मी सुनंदाला सांगितलं, दूधवाला होता.

निकाल लागला. सुनंदा थोडक्यात पडली. त्या गल्लीतल्या अर्ध्या बायका जरी आल्या असत्या तरी निघाली असती. हरल्याचं तिला दुःख नव्हतं, हे तुम्हाला पटणार नाही. ती एकच विचारत राहिली — मुन्नी अशी कशी वागली? माझ्या गळ्यात पडून रडलेली बाई. तिला जाऊन विचारायचं होतं. फोन करायला घेतला तर मी म्हणालो, त्या दिवशी तिचा एक तरी फोन आला होता का तुला? बघ की. तिनं खरंच बघितलं. मग फोन ठेवून दिला. मी म्हटलं, कशाला जातेस स्वतःचा अपमान करून घ्यायला?

तेव्हापासून सुनंदा वार्डात फिरली नाही. भिशी सोडली, मंडळाच्या हळदीकुंकवाला जाणं सोडलं. कुणी गोड बोललं की तिचा चेहरा बंद होतो, मला तो लगेच कळतो. गल्लीच्या टोकाला पुन्हा पाणी येत नाही म्हणतात. माझं काय? मला लोक परत 'काळे साहब' म्हणायला लागलेत. मी ज्ञापनं देतो. फोटो येतात.

आता पुन्हा निवडणुकीच्या गोष्टी सुरू झाल्यात. परवा कॉलनीतल्या दोन बायका आल्या होत्या. सुनंदाताई, यंदा उभ्या राहा, तुमच्यासारखं काम कुणी केलं नाही. सुनंदानं त्यांना चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको. मला माणसं ओळखता येत नाहीत." त्या गेल्या. मी काही बोललो नाही. बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं — दार उघडं होतं, त्या फाटकापाशीच होत्या, हाक मारली असती तर परत आल्या असत्या.

मग आम्ही जेवायला बसलो. सुनंदा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या वेळी तुम्ही होतात म्हणून मी सावरले हो. नाहीतर वेड लागलं असतं मला."

मी म्हटलं, "हं." आणि आणखी एक पोळी मागितली. तिनं तूप लावून वाढली, आणि मी खाल्ली.