पेट्रोल वाचवणारे काका

अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या आमच्या शेजारच्या काकांनी पेट्रोल वाचवायला चक्क घराएवढा हायब्रिड पिकअप ट्रक घेतला. त्यातून आजवर वाहिलेलं सगळ्यात जड सामान म्हणजे कोथिंबिरीची जुडी. मायलेज घसरू नये म्हणून ते भर उन्हाळ्यातही एसी लावत नाहीत; शेजारी बसलेल्या काकू घामाघूम होऊन पृथ्वी वाचवतात.

गेल्या हिवाळ्यात वादळाने वीज गेली आणि समोरच्या एकट्या म्हाताऱ्या बाईंचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. काकांनी ट्रक थेट त्यांच्या दारात लावला आणि ट्रकमध्येच असलेल्या विजेच्या प्लगमधून वायर आत मशीनपर्यंत नेली. दुपारभर इंजिन चालूच होतं.

“काका, पेट्रोल जळतंय,” मी खोचकपणे म्हणालो.

“हळू बोल,” काका म्हणाले, “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.”