तुरटीच्या पाण्याची चव

अख्ख्या बुऱ्हाणपुरात पाण्याला नावं ठेवण्यात माझ्या मामांचा हात धरणारा कोणी नाही. मामा रेशीम रंगवतात, तेही मुळ्या, साली आणि फुलांनी. रंग धरावा म्हणून रेशीम आधी तुरटीच्या पाण्यात भिजवतात. तुरटी कमी पडली तर मंजिष्ठेच्या मुळीचा लाल फिका उतरतो, जास्त झाली तर रेशीम खरबरीत होतं. ती किती घालायची हे मामांना फक्त जिभेवर कळायचं. बोट बुडवायचं, चाटायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, 'दोन चिमटी और.' ही खोड घराबाहेरही सुटली नाही. जवळच्या निंबोला गावी एका लग्नात कढीचा घोट घेऊन भर पंगतीत म्हणाले, 'तुरटी कम आहे!' माझ्यासाठी मुलगी बघायला इच्छापूरला गेलो, तर मुलीकडे ढुंकूनही न बघता नुसतं पाणी प्यायले. म्हणाले, 'या पाण्यावर लाल मस्त चढेल. करून टाका.' आमचा संसार तेवढ्या शिफारशीवर उभा आहे, आणि बायको ते मला अजून ऐकवते.

गेल्या हिवाळ्यात मामांना ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष होत आलं, आली नाही. मामी चहात साखर घालायला विसरली तरी मामा मुकाट पितात, आणि मामी पदराने डोळे पुसते. मी वजनकाटा आणून दिला तर खेकसले, 'विहिरीचं पाणी दर महिन्याला बदलतं, तुझा काटा काय सांगणार, कप्पाळ?' खरंच होतं ते. दोन खेपा अंदाजाने रंगवल्या, दोन्ही विटक्या उतरल्या.

परवा एका विणकराने लग्नाच्या शालूसाठी रेशमाच्या लडी पाठवल्या. मामांनी मला बोलावून घेतलं. तांब्याच्या हंड्यात तुरटीचं पाणी तयार होतं. त्यांनी बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले. मग मला म्हणाले, 'तू चाख रे भाऊ.'

मी चाखलं. 'तुरट आहे, मामा.'

'ते मालूम आहे. किती?'

अहो, किती म्हणजे काय सांगू? वीस वर्षं शाळेत मराठी शिकवतोय मी, पण त्या 'किती'ला माझ्याकडे शब्द नव्हता. पुन्हा चाखलं, पुन्हा तुरटच लागलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी त्यांनी त्या पांढऱ्या लडी कोरड्याच फडक्यात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. 'परत देऊन ये. सांग, सध्या टाइम नाही.'

मी गेलो आणि तसंच सांगितलं. विणकर म्हणाला, 'हां, बहुत काम असेल त्यांना.'

'हो,' म्हटलं, 'खूपच आहे.'