सुशीलाच्या हनुवटीवरचा ठिपका

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट, तेवढं सांभाळून घ्यावं. शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ गुरुजी पुढच्या वर्षी नीट शिकवणार होते, पण धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी बसवलं. भाऊ ताडासारखा वाढला, माझी वेलांटी अजून कुठे वळवायची ते ठरत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. हात मात्र स्थिर. रांगोळीचा ठिपका मी ठेवला की तो तिथेच बसायचा. त्याच स्थिर हाताने मी नणंदेचं लग्न मोडायला निघाले होते.

ह्यांचा नागपूरला इतवारीत भांड्यांच्या गल्लीत लहानसा फोटो स्टुडिओ होता. फोटो धुवायचं आणि मोठे करायचं काम घरी चालायचं. आमच्याकडे पूर्वी हातमाग होता. माग गेला, त्याची बिनखिडकीची खोली राहिली. तीच ह्यांची अंधारखोली. त्यात एक जुना एन्लार्जर होता, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र. वर दिवा, मध्ये निगेटिव्ह, खाली भिंग आणि त्याखाली कागद. पण दिवा मंद आणि भिंग आंधळं. मोठा केलेला फोटो पाहिला की माणूस धुक्यात हरवलाय असं वाटायचं.

नवीन यंत्र घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा ह्यांनी ठरवलं, जुन्यालाच नवं करायचं. त्यासाठी पैसे मागितले सासूबाईंकडे. सासूबाईंकडे पैसे होते ते सुशीलाच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, सोन्याच्या पाटल्यांसाठी ठेवलेले.

"आई, लग्नाच्या आत सगळे वापस करतो."

"आन् लग्न जमलंच नाही त?"

"फोटो चांगला निघाला त जमनच. म्हणून त यंत्र पाहिजे."

सासूबाईंना यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण नेमकं काय ते सापडेपर्यंत पैसे ह्यांच्या खिशात गेले होते.

ते सगळे पैसे एका भिंगात संपले. बाकीची सुधारणा माझ्या स्वयंपाकघरातून झाली. मोठ्या दिव्यावर झाकण हवं होतं म्हणून वनस्पती तुपाचा रिकामा डबा गेला. (रिकामा म्हणजे ह्यांच्या मते. तळाशी बोटभर तूप होतं, ते मी शंकरपाळ्यांसाठी राखलं होतं.) मे महिना, नागपूरचं ऊन, दार बंद, वर तो दिवा. पहिल्याच दिवशी डबा तापला आणि सगळ्या गल्लीत तळणाचा वास सुटला.

शेजारची गंगाबाई दारात आली. "काय तळून राहिली वं?"

मी घाबरून खरं ते सांगितलं. "फोटो."

त्यानंतर गंगाबाई बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. पदार्थ लपवते म्हणून.

डबा थंड ठेवायला ह्यांनी टेबलफॅन लावला. फॅनने यंत्र थरथरलं आणि फोटोत सुशीलाला दोन नाकं आली. मग फॅन बंद करून मला हातपंखा दिला. मी वारा घातला, तेव्हा आढ्यात इतकी वर्षं निजलेली मागाची कापसाची लव जागी झाली आणि तिचा एक कण नेमका निगेटिव्हवर येऊन बसला. कागदावर सुशीलाचा फोटो आला झकास. नाक एकच. फक्त हनुवटीवर एक पांढरा ठिपका.

बाहेर ह्यांचे मामा चपला घालून बसले होते. सावनेरजवळच्या एका गावी स्थळ होतं, फोटो त्यांच्याच हाती जायचा होता.

"झाला का गा? मोटर सुटून राहिली माही."

दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता. ह्यांनी ब्रश आणि काळी शाई माझ्या हाती दिली. "तुहा हात बसलेला हाये. बुजव तेवढं पांढरं."

"बाहेर उजेडात जाऊ का?"

"दार उघडू नोको! कागदाचं पाकीट उघडं हाये, उजेडानं सगळे कागद वाया जाईन."

अंधारखोलीत तेवढा एक लाल दिवा. त्या उजेडात काळं, करडं, पांढरं सगळं एकाच रंगाचं. मी श्वास रोखून ठिपका ठेवला. छान बसला असं वाटलं. थोडा कमी वाटला म्हणून पुन्हा ठेवला. कागद ओला होता हे मला माहीत होतं, पण ओल्यावर शाई पसरते हे त्या क्षणी आठवलं नाही. (रांगोळी पसरत नाही.) मामांनी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पळाले.

दोन दिवसांनी मामा परत आले ते पेढे मागतच.

"पसंत हाये! पोराची माय त फोटो खालीच ठेवत नाही. म्हणे, शिकलेली पोरगी अन् हनुवटीवर गोंदून घेतलं. आजकालच्या पोरीत असं वळण कुठं पाहाले भेटते? रविवारी येऊन राहिले पाहाले."

सगळ्यांनी सुशीलाच्या हनुवटीकडे पाहिलं. ती आरशासारखी स्वच्छ. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सासूबाई म्हणाल्या, "पोरी, घे वं गोंदून. मी नाही घेतलं का तुह्या वयात?"

"मी मॅट्रिक पास हाओ," सुशीला म्हणाली. "वहिनीच्या हातानं शाई सांडली त मी काहून सुई टोचून घेऊ? वहिनीलेच गोंदा."

शेवटी असं ठरलं की रविवारी तीच शाई, तोच ब्रश आणि माझाच हात वापरून ठिपका काढायचा. घामाने पुसट झाला तर सासूबाईंनी "सूनबाई, सुपारी आण" म्हणायचं. म्हणजे मी आतल्या दारात शाई घेऊन तयार राहायचं, आणि सुशीलाने माझ्याकडून सुपारी घ्यायच्या निमित्ताने आत येऊन ठिपका नवा करून घ्यायचा. मी शनिवारभर हे पाठ केलं. सुपारी म्हणजे शाई. सुपारी म्हणजे शाई.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई म्हणजे धिप्पाड, गोऱ्या, आवाज खणखणीत. मुलगा मात्र माझ्यासारखा, जमिनीकडे पाहणारा. सुशीलाने पन्हं दिलं. मुलाच्या आई तिच्या हनुवटीकडे कौतुकाने पाहत होत्या. इतक्यात सुशीलाने पदराने घाम टिपला आणि ठिपका हनुवटीवरून निघून गालाकडे चालू लागला.

मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "माय, ते सरकून राहिलं."

"काय सरकून राहिलं?"

सासूबाईंना सुपारी आठवेना. त्या "सूनबाई, विडा... सूनबाई, पान..." असं म्हणत राहिल्या. मी आत शाईची वाटी घेऊन उभी. पान म्हणजे काय ते ठरलेलं नव्हतं, म्हणून हलले नाही.

तेवढ्यात मुलाच्या आईच बोलल्या, "विडा नोको बाई. सुपारी असन त आणा."

सुपारी म्हणजे शाई, आणि आणा म्हटलं, म्हणून मी सरळ बाहेर गेले. चार माणसांत न येणारी मी, भर बैठकीत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एका हाताने शाईची वाटी आणि दुसऱ्या हाताने ब्रश पुढे केला.

ह्यांनी डोळे मिटले. सुशीलाच्या पाटल्या, स्थळ, भिंग, सगळं त्या वाटीत बुडालेलं मला दिसत होतं.

"हे काय हाये वं?" मुलाच्या आईने विचारलं.

"सुपारी," मी म्हणाले. दुसरं काही पाठच नव्हतं.

त्यांनी वाटीत पाहिलं. सुशीलाच्या गालाकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता खाट करकरली. डोळे पुसून त्यांनी आपली हनुवटी माझ्यापुढे केली. तिथे एक जुनं, फिकं, हिरवट गोंदण होतं.

"मले बी लाव. पुरं उडालं माहं. अन् असाच एक फोटो काढा माहा, काळ्याभोर ठिपक्याचा. पोरगी पसंत हाये. नकली गोंदणाची चालन, घरात हसू त अस्सल हाये."

लग्न पावसाळ्यानंतर ठरलं. मुलाच्या आईंचा फोटो गावात गेला आणि मग त्या गावच्या बायका मोटारीने इतवारीत यायला लागल्या. सगळ्यांची गोंदणं उडालेली, सगळ्यांना फोटोत ठसठशीत हवी होती. हे फोटो काढायचे, मी ठिपके ठेवायची. (आता उजेडात, सुक्या कागदावर.) त्या ठिपक्या-ठिपक्यांनी सासूबाईंचे पैसे परत येत गेले. पाटल्या घडल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी पाच-सहा रुपये तेवढे फेडायचे राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "तेवढ्यात सूनबाईचा एक मोठा फोटो काढून दे मले. मंग हिशोब पुरा."

ह्यांनी काढला. पांढरा ठिपका आलाच, ह्या वेळी ओठाच्या वर. लग्नघरात वेळ कुठला? मी घाईत, ओल्यावरच बुजवला. सासूबाईंनी फोटो दोन्ही हातांनी धरून पुष्कळ वेळ पाहिला, भिंतीवर लावला आणि म्हणाल्या, "फिटले पैसे."

तेव्हापासून तो तिथेच आहे. नवीन माणूस घरात आलं की त्या मिशांकडे पाहून हात जोडतं आणि विचारतं, "हे तुमचे सासरे का?"