पाळीचा पत्ता

हेमकांत पाटील चिडला की बोलत नाही, टेबलावरच्या वस्तू एका रेषेत लावायला लागतो. नंदुरबारच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कॉम्प्युटर, वायरी, प्रिंटर सगळं त्याच्या गळ्यात. त्या दिवशी पेनं, पंच, स्टेपलर सगळं ओळीत उभं होतं, कारण परीक्षा विभागाची पानं पुन्हा साहेबांच्या केबिनमधल्या प्रिंटरमधून बाहेर पडली होती.

दगा शिपायाला बोल लावावा, तर बिचाऱ्याची सवय चांगलीच. विजेचा काय भरवसा, म्हणून तो रोज संध्याकाळी मेन स्विच खाली पाडून जायचा. सकाळी राउटर जागा झाला की जे यंत्र त्याच्या दारात आधी येईल त्याला पहिला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला नंबर, मग दुसऱ्याला. प्रिंटरांचे पत्ते कधी अदलाबदल व्हायचे, आणि कॉम्प्युटर मात्र कालच्याच पत्त्यावर पानं धाडत बसायचे.

"म्हणजे प्रिंटर बिघडलेला नाहीच, भाऊ?" परीक्षा विभागाच्या निशाने विचारलं.

"ठणठणीत आहे हो! पत्ता डायनॅमिक आहे त्याचा. आज इथे, उद्या तिथे. कोणी शोधत आलं तर सापडणार कसा?"

"तुमच्या आईसारखं," निशा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

हेमकांतची आई धनुबाई तीन मुलांकडे पाळीने राहायची. दोन महिने नंदुरबारला, दोन शहाद्याला, दोन धुळ्याला. वडील गेल्यावर रनाळ्याचं गावचं घर बंद करून भावांनी बसून ठरवलं होतं, आणि अख्खी भावकी म्हणाली होती, काय गुणाची पोरं! मागे एकदा चिंचपाड्याहून प्रमिला मावशी दुखरे गुडघे घेऊन बहिणीला भेटायला आली. हेमकांतच्या घराला कुलूप, म्हणून थेट कार्यालयात. "बहीण आते कोनाकडे शे रे?" तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं. बहीण धुळ्याला होती. मावशी पाणी पिऊन परत गेली.

हेमकांतला निशाचा राग आला, पण टिकला नाही. तिने खोटं काय म्हटलं होतं?

त्याने मुकाट्याने काम उरकलं. राउटर जे नंबर वाटतो त्यांच्याबाहेरचा एकेक पत्ता दोन्ही प्रिंटरांना कायमचा दिला, कॉम्प्युटरांत तेच नंबर टाकले आणि दगाला मेन स्विच मुद्दाम पाडायला लावला. वीज परत आली, निशाने पान पाठवलं. ते तिच्याच प्रिंटरमधून आलं.

जिना उतरतानाच त्याने बायकोला, चेतनाला, फोन केला. आईला कायमची आपल्याकडेच ठेवू या का?

"एवढं सुचायला इतकी वर्षं लागली होय!" ती म्हणाली.

घरी धनुबाई पिशवी भरत होती. दुसऱ्या दिवशी शहाद्याची पाळी सुरू होणार होती.

"माय, ऱ्हाऊ दे ती पिशवी. सकाय शहादाले जानं नही. पाळी बंद. आते तू आठेच ऱ्हाय, कायमनी."

आईचे डोळे भरून येतील असं त्याला वाटलं होतं. ती पातळाची घडी घालतच राहिली.

"तू सांगी ऱ्हायना का इचारी ऱ्हायना?"

हेमकांतला आठवलं. पाळी ठरली तेव्हा आई आत सगळ्यांसाठी चहा गाळत होती. तिला कोणी बाहेर बोलावलंच नव्हतं. लाज वाटली त्याला, अगदी कानापर्यंत.

"इचारी ऱ्हायनू," तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मंग माले रनाळाले सोड. मन्हा घरले."

"तठे एकटी?"

"आठे दुपारले कोन ऱ्हास मन्हाजोडे? तठे शेजारले गुलाबबाई शे. प्रमिला बी ईसन ऱ्हाई."

हेमकांतने शहाद्याच्या भावाला फोन लावला आणि माय उद्या येत नाही असं सांगितलं.

"मंग कोना घर ऱ्हाई ती? तुन्हा?"

"नही. तिन्हा सोताना घर. तठे जावानी पाळी आते आपली शे."