कचरूच्या आवाजाचं कुलूप

शेवटच्या भेटीत कचरूनं मला जवळ ओढलं आणि कानात पासवर्ड सांगितला. त्याचा पुतण्या किशोर उशाशीच बसला होता, म्हणून कानात. "ध्यानात राहील का?" मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा पक्का." तो हसला... दुसऱ्या दिवशी गेला.

कचरू जन्मभर दौलताबादच्या किल्ल्यावर गाईड होता आणि मी खाली पेरूची पाटी घेऊन. अंधेरीत, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळ्याकुट्ट बोगद्यात, माणसं त्याच्या आवाजाला धरून बाहेर यायची. गुडघे गेले तेव्हा त्यानं ते सगळं बोलणं पेन ड्राइव्हवर भरलं आणि पासवर्ड लावला, कारण किशोरला ते आपल्या नावावर पाहिजे होतं. पेन ड्राइव्ह काढायच्या आधी कचरू कॉम्प्युटरला विचारायचा आणि 'आता काढा' असं येईपर्यंत हात बांधून बसायचा. मी चिडवायचो, "सासऱ्याची परवानगी मागतो काय?" एकदा तो उघडं ठेवून चहाला उठला. किशोर सगळं आपल्याकडं हलवायला लागला, कचरूची पावलं वाजली तसा त्यानं पेन ड्राइव्ह हिसका देऊन ओढून काढला. त्या दिवसापासून ते उघडलं नाही. हे कचरूनंच मला सांगितलेलं.

आणि कचरूच्या पुण्यानुमोदनाला, जमलेल्या सगळ्यांसमोर, हाच किशोर उभा राहून म्हणतो, "काकांना शेवटी भान नव्हतं. पासवर्डसुद्धा भलताच टाकून ठेवला." लोकांनी कीव आल्यागत माना हलवल्या. मी चहा तसाच खाली ठेवला. कचरूच्या बायकोकडून, वहिनींकडून, पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि ठरवलं, हा शब्द किशोरला गिळायला लावायचा.

उस्मानपुऱ्यात नसरीनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी सांगितलेला पासवर्ड तिनं टाकला. "चाचा, ताला तो खुल रा. पासवर्ड बरोबर आहे."

"मग दिसत का नाय काही?"

"आतला रस्ता तुटलाय. कुठली फाईल कुठं ठेवलीय, ती नोंदच अर्धवट आहे. लिहिणं चालू असताना कुणीतरी ओढलेलं दिसतंय." पडद्यावर फॉरमॅट करू का म्हणून विचारत होतं. माझं बोट पुढं गेलं तर तिनं हातावर चापट मारली. "सब जाएगा, चाचा." आधी तिनं पेन ड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल काढली आणि दुरुस्ती त्या नकलेवर केली. आवाज मिळाले, सगळे नाही. नावं पुसलेली, नुसते तुकडे. मी एकेक ऐकलं आणि सांगितलं, हा महादरवाजा, हा खंदक, ही अंधेरी...

किशोर आता गाईड झालाय. परवा तो माणसं घेऊन अंधेरीत शिरला, तेव्हा मी आधीच आत उभा होतो. फोनचा आवाज मोठा केला. अंधारातून कचरू बोलला, "घाई करू नका. पुढच्याचा हात सोडू नका."

"काका..." किशोर आवाजाकडं वळला.

मी विचारलं, "भान हाय का रं ह्याला?"

संध्याकाळी घरी आला. म्हणाला, "आबा, ते आवाज मला द्या." म्हणालो, "व्हय, देतो. ज्यांच्यासमोर बोललास त्यांना गोळा कर, अन् सांग की कचरू शेवटपर्यंत शुद्धीत होता." मान खाली घालून गेला. अजून कुणाला गोळा केलेलं नाही, म्हणून मीच हे पेपरात लिहिलं. आता तुम्ही सगळे गोळा झालात.

मूळ पेन ड्राइव्ह माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. त्या दिवशी दुकानात नसरीन तो कॉम्प्युटरमधून काढायला लागली तेव्हा मी म्हणालो, "आधी विचार त्याला." तिनं विचारलं. 'आता काढा' असं येईपर्यंत मी हात बांधून बसलो.