साच्यावर जुळलेलं मालवणी गाणं

आज कोकणात शिमग्याला माझी गाणी म्हणतात. कोणी लिहिली ते कोणी विचारत नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण गाणं लिहायला मला कधी टेबल लागलं नाही, की शांतता लागली नाही. लालबागच्या गिरणीत, साचेखात्यात दोन साचे, म्हणजे माग, चालवता चालवता मी ती जुळवली. तिथल्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही विणकर एकमेकांचे ओठ वाचायचो. शेजारच्या साच्यावर माझा गाववाला होता. माझी गाणी त्यानं अशीच वाचली. आवडलं तर मान डोलवायचा, नाहीतर तोंड फिरवायचा मेला!

रविवारी चालत फणसवाडीत जायचं, शाहिरांच्या घरी तालमीला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून ते तेव्हा भलतेच गाजत होते. आम्ही तिघं त्यांचे झीलकरी. त्यांची ओळ संपली की मागून ती उचलायची, एवढंच काम. माझी स्वतःची गाणी वहीत पडून. त्यातलं एक मात्र मला गप्प बसू देईना. शेवटी एका रविवारी शाहिरांना म्हणून दाखवलं:

सांग गे आये, मुंबय कोणाची?
जेंनी घाम गाळलो, तेंची गे तेंची!

शाहीर हसले. "अरे, मालवणीत? लोक टिंगल करतील. सभा आहे ती, दशावतार नव्हे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "गिरणीत बघाल तिकडे कोकणातली माणसं. ती काय पुणेरीत स्वप्नं बघतात?"

त्यांनी माझी वही ओढून घेतली, ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बरं. परळच्या सभेत एकदा म्हण. नाही चाललं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

एकदाच! सभेपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

मैदान खच्चून भरलं होतं. मी पुढे आलो, पहिली ओळ घेतली आणि कर्णा खर्रकन वाजून बंद पडला. फुटकं नशीब, दुसरं काय! माझा आवाज पाचव्या रांगेपलीकडे जाईना. मागून "आवाज! आवाज!" असा ओरडा सुरू झाला. शाहीर म्हणाले, "उतर रे, कर्णा सुरू होऊ दे." उतरलो असतो तर माझं 'एकदा' तिथंच संपलं असतं. मी नाही उतरलो.

गर्दीत मधोमध माझा गाववाला दिसला. सवयीनं त्याच्याकडे बघूनच म्हणायला लागलो, साच्यावर म्हणायचो तसं, एकेक शब्द ओठांवर ठसठशीत काढत. त्यानं हात वर करून ताल धरला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, इथं निम्मे लोक साचेखात्यातलेच की!

"गप ऱ्हवा रे, वाचूक द्या!" कोणीतरी खेकसलं.

त्यांनी माझी ओळ ओठांवरून उचलली आणि गाऊन मागच्यांना दिली. त्यांनी आणखी मागच्यांना. मी विचारायचो, "मुंबय कोणाची?" आणि "तेंची गे तेंची!" पार रस्त्यापासून उसळत यायचं. आईशप्पत, मी रडत होतो आणि गात होतो, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या कडव्याला पाठीमागची झील एकदम भारदस्त झाली. मागे उरलेल्या दोघांचा आवाज काही एवढा नव्हता. मी वळून बघितलं. शाहीर झीलकऱ्यांत जाऊन उभे होते, कानावर हात ठेवून, आणि गळ्याच्या शिरा ताणून माझ्या मागे मालवणीत गात होते.