डोंगरावर भाजलेला राब

जेद्दातल्या आमच्या बिल्डिंगखाली पिकअप उभी होती आणि तिच्या पुढच्या सीटवर मी सोनेरी टाचांचे सँडल घालून बसले होते. मागे हौद्यात गाद्या, दोन प्रेशर कुकर, पाटा-वरवंटा आणि सगळ्यांच्या डोक्यावर तिरका बसलेला टीव्ही. रत्नागिरीकडच्या माझ्या मैत्रिणी निरोप द्यायला दारापर्यंत आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "भाभी, लोक गाव सोडून सौदीला येतात, तुम्ही सौदीत येऊन परत गावात चाललात. मग कोकणात काय वाईट होतं?"

मी अबाया सावरत ऐटीत म्हणाले, "तिथे एसी लागत नाही. अगदी महाबळेश्वर!"

महाबळेश्वर मी पाहिलं होतं ते कॅलेंडरवर. पण त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, सगळंच माहीत असायचं. आज ती समोर आली तर मी तिला आधी ते सँडल काढायला लावीन.

गावात राहिलेल्या माझ्या जावांनो, आणि नवऱ्यामागे रियाध-हुफूफपर्यंत गेलेल्या बायांनो, त्या डोंगराबद्दल तुम्ही मला नेहमी विचारता आणि मी नेहमी माकडांची गोष्ट सांगून तुम्हाला हसवते. माकडं आजही येतील. पण बाकीचंही सांगून टाकते.

दोन हजारचं दशक नुकतं लागलं होतं. आमचे हे जेद्दात अबू फहदच्या वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त करायचे. अबू फहद आमचे कफील, म्हणजे ज्यांच्या सहीवर आम्ही त्या देशात होतो ते. त्यांचं मूळ गाव बाहा शहराच्याही पुढे, उंच डोंगरात. एका उन्हाळ्यात हे तिथे पंप बसवायला गेले आणि वेडे होऊन परत आले. "अगो, दगडी बांध आहेत, एकाखाली एक, आपल्या मजगीच्या भातखाचरांसारखे! नुसते पडून आहेत. पोरं सगळी शहरात गेली." पंधरा-वीस वर्षं वर्कशॉपच्या पत्र्याखाली तापलेला माणूस. त्याला गार वाऱ्यात एक पडका बांध दिसला, की त्याला वाटणारच की तो आपलीच वाट बघतोय.

परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नसे. म्हणून गावच्या वयस्कर शेखसमोर बसून तोंडी ठरलं, की कागद अबू फहदच्या नावावर राहील, बांध आणि दगडी घर आमचं. मी ही खबर अब्बांना फोनवर दिली.

"बाय, सातबारा कोणाच्या नावावर?" अब्बांनी विचारलं.

"अब्बा, इथे सातबारा नसतो."

"मग काय असतं?"

"माणसाचा शब्द असतो."

तिकडून नुसता अब्बांच्या अडकित्त्याचा आवाज येत राहिला. कॉलिंग कार्ड मात्र जळत राहिलं.

डोंगरावर पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की आमचं घर मला हाताला लागलं, मग दिसलं. सकाळी शेजारची उम्म हादी भेटायला आली. सत्तरीची बाई, डोक्यावर रुमाल, त्यावर गवताची रुंद टोपी, टोपीच्या कडेला रानातली फुलं खोचलेली. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. सँडलकडे बघितलं. "या हिंदिया," म्हणजे अगं हिंदुस्थानी बाई, ती म्हणाली, "यावर इथे बकरीसुद्धा चालणार नाही." आणि तिने स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या. त्या दिवसापासून मी तिथे हिंदियाच होते. माझं नाव तिने कधी विचारलं नाही.

माकडांनी पहिल्याच आठवड्यात सलामी दिली. मोठाली, केसाळ, कुत्र्याच्या तोंडाची. मी गच्चीवर तांदळाचे पापड वाळत घातले होते. वर गेले तर सगळं खानदान बांधावर रांगेत बसून पापड मोडून खात होतं, आणि त्यांतला म्हातारा माझ्याकडे असा बघत होता की जणू मीठ कमी पडलंय.

आता मुद्द्याचं. मी माहेरून नाचणीचं बी नेलं होतं, फडक्यात बांधून. उतारावरची जमीन म्हणजे वरकस आणि वरकस म्हणजे नाचणी, एवढं शेतीचं ज्ञान मला होतं. अब्बांचं वाक्य कानात होतं : "राब भाजल्याशिवाय बी टाकायचं नाही." तुम्हाला सांगायला नको, पण तिकडे वाढलेल्या पोरांसाठी सांगते. आपल्याकडे रोप करायच्या जागेवर शेण, झाडांचा कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, वर वाळका पातेरा आणि माती घालून भाजतात. तण जळतं, माती भुसभुशीत होते. कवळासाठी ऐनाचं झाड बोडकं करून टाकतात, आणि पाऊस लागला की तोच ऐन असा फुटतो की जणू काही झालंच नव्हतं.

हे कामासाठी जेद्दाला गेले होते. मी म्हटलं, आल्यावर बघू देत बायको काय चीज आहे ती. कोयता होताच. यांनीच वर्कशॉपमध्ये गाडीच्या पाट्यापासून घडवलेला. घरामागे तीन झाडं होती, वाकडी, जाड बुंध्याची, पानं खवल्यांसारखी. अरअर म्हणतात तिथे त्यांना. मी कमरेला ओढणी बांधली आणि वर चढले. चाळिशीच्या पुढची बाई, फांदीवर बसून मोठमोठ्याने गाणं म्हणतेय! तिन्ही झाडं सोलून काढली. ओला कवळ उन्हात वाळवला, उतारावर पसरला, शेण घातलं, माती घातली, आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवलं, अगदी अब्बा पेटवायचे तसं. धूर असा सुगंधी, की मला वाटलं घरात ऊद लावलाय.

तो धूर खोऱ्याच्या पलीकडून दिसला. थोड्या वेळाने खाली पिकअप थांबल्या. माणसं वर आली, दूर उभी राहिली. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. बोडक्या झाडांकडे बघून ती जशी आली तशी खाली उतरली.

उम्म हादी तेवढी थांबली. "हे कोणी केलं?"

"मी!" मी म्हणाले. आणि कपाळाचा घाम पुसत उभी राहिले, शाबासकी मिळेल म्हणून. आठवलं की आजही एकटी असताना तोंडावर पदर घेते.

ती बांधावर बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझी आजी सांगायची, तिने लग्न होऊन आल्यावर ही झाडं बघितली तेव्हाही एवढीच मोठी होती."

"फुटतील ना परत," मी म्हणाले. "पाऊस लागू दे. हिरवीगार होतील."

तिने माझ्याकडे बघितलं, लहान मुलाकडे बघतात तसं, आणि निघून गेली.

तो सगळा उतार गावाने राखलेला होता. हिमा म्हणतात त्याला. त्यातलं वाळकं लाकूडसुद्धा पाळीपाळीने उचलायचं, हिरव्याला कोणीच हात लावायचा नाही. तळ्यावर तान्हं मूल सोडून जाऊ नये, इतकी उघड गोष्ट होती ती त्यांच्यासाठी. असं कोणी करत नाही, म्हणून सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या सलामला उत्तर येईना. विहिरीवर बाया माझी पाळी येईपर्यंत थांबायच्या आणि मग भांडी उचलून जायच्या. धुक्यात माणूस तसाही एकटाच असतो, पण तेव्हा कळलं की धुकं बरं.

हे जेद्दाहून परतले तोच यांना अबू फहदचा फोन आला, तो मी शेजारी उभी राहून ऐकला. "हसन, मी त्या गावात तोंड कसं दाखवू? शेख म्हणाला तर जमीन परत. तुझा शब्द, माझा शब्द, खलास." यांनी फोन ठेवला. कोयता घेतला आणि छताच्या तुळईवर ठेवून दिला. ती तुळईही अरअरचीच होती.

वाट उम्म हादीने सांगितली. ती आली, दारातच उभी राहिली. "बकरं कापा. सगळ्या गावाला जेवायला बोलवा. येतील सगळे. शेखने ताटात हात घातला तर राहा. नाही घातला तर सामान भरा." जाताना मागे वळून म्हणाली, "आणि तुझे ते मसाले घालू नकोस. माफी मागताना तिखट नसतं."

मी मसाले घातले नाहीत. पण तांदळाची गोड सांदण केली. काय करणार, घरी मोठं काही असलं की हात आपोआप तांदूळ वाटायला लागतो.

पुरुष पुढच्या खोलीत बसले, बाया माझ्याकडे आत. मधल्या दाराच्या फटीतून मला शेखचा फक्त हात दिसत होता, गुडघ्यावर ठेवलेला. ताटातून वाफा निघत होत्या. कोणी हलत नव्हतं. आतल्या बायाही हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मग शेखचा आवाज आला.

"हसन, तुझ्या मुलखात झाड तोडलं की फुटतं?"

"फुटतं."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. न तोडलं तर लोक म्हणतात आळशी आहे."

शेखची बोटं गुडघ्यावर एकदा वाजली. "मग बाई खोटं बोलली नाही. तिचा डोंगर वेगळा होता." पुढे म्हणाला, "ती झाडं आजपासून तिच्याकडे. फुटेपर्यंत तिने राखायची." आणि तो गुडघ्यावरचा हात उचलला गेला. बिस्मिल्ला ऐकू आलं तेव्हा मी बायांपुढे ताट सरकवलं.

उम्म हादीने सांदण उचलून वास घेतला, अर्धी तोंडात टाकली. "फुटेपर्यंत म्हणाला," ती हसत सुटली. "म्हणजे तू इथेच म्हातारी होणार, हिंदिया!" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मला वाटलं, एका पावसाचा तर प्रश्न आहे.

पाऊस आला नि गेला. मी तांब्याने पाणी घालायची. शेण घातलं. सालीवर बोटं फिरवून बघायची, कुठे डोळा फुगलाय का. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही. अरअरचं झाड एकदा उघडं केलं की उघडंच राहतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही. सकाळी मागचं दार उघडलं की समोर ती तिघं उभी, हाडांसारखी पांढरी पडत चाललेली. माफी मिळाली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण दारात अशी तीन झाडं असताना चहा गोड लागत नाही.

राहिलो आम्ही. नाचणी आली, अर्धी माकडांची, अर्धी आमची. उम्म हादीला भाकरी आवडायची, तोंडाने मात्र "माती आहे नुसती" म्हणायची. आपली भाषा बोलायला कोणी नव्हतं. मोबाइलला रेंज एका खडकावर यायची, तिथे बसून मी जेद्दात दिलेल्या मुलीशी बोलायची. माझी भाषा हळूहळू अर्धी अरबी झाली. मुलगी म्हणायची, "मां, तू आता यल्ला-यल्ला करत स्वतःलाच हाकतेस."

मग एका दुपारी हे बांधावर दगड बसवत होते आणि तिथेच खाली बसले. हात छातीवर. उम्म हादीच्या मुलाने पिकअप काढली, पण धुकं उतरलं होतं, रस्ता वळणावळणाचा, गाडीपुढे एक माणूस चालत वाट दाखवत होता. मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. खालच्या शहराचे दिवे दिसायच्या आधीच ते गेले.

अबू फहद फोनवर म्हणाले, शहरात दफन करू, तिथे परदेशी लोकांची सोय असते. शेखने पोरांना कुदळी घेऊन गावच्या कब्रस्तानात पाठवलं होतं. फोन हातात घेऊन तो एवढंच म्हणाला, "खड्डा तयार आहे. आमचा शेजारी आहे तो."

बाया तिथे जात नाहीत. उम्म हादीने मला गच्चीवर नेलं आणि बोटाने दाखवलं, भिंतीलगतची, ताज्या मातीची कबर. त्या मुलखात कबरीवर नाव लिहीत नाहीत, डोक्याशी एक साधा दगड, बस. आपल्याकडे सब्जाची हिरवी फांदी ठेवतात. मी तिला तसं म्हणाले. तिने नुसतं घरामागच्या त्या तीन झाडांकडे बघितलं.

माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्यांच्या इकाम्याला लोंबकळत होता. तो संपला, मी परतले. अबू फहदने शब्द मोडला नाही, पण शब्दाला नांगर धरायला कोण होतं? बांध आता उम्म हादीची मुलं कसतात. अब्बा जाऊन खूप वर्षं झाली, नाहीतर त्यांना सांगितलं असतं : अब्बा, त्या डोंगरावर शेवटी एवढीशी जागा आपली झाली, आणि तिच्यावर कोणाचंच नाव नाही.

मी आता कोकणात आहे, स्वतःच्या घरात, सातबाऱ्यासकट. जेद्दाहून नात व्हिडिओवर विचारते, "नानी, व्हेअर इज होम?" तिला मी माकडांची गोष्ट सांगते. परसात ऐन आहेत. दर वर्षी गडी त्यांचा कवळ काढतो, दर वर्षी ते कोवळी पालवी नाचवत उभे. मला त्यांचा रागच येतो. इतकं लगेच विसरायला काय झालं?

ईदला उम्म हादीचा मुलगा फोन लावून तिच्या कानाला धरतो. ती आता नव्वदीची, ऐकू कमी येतं. ख्याली-खुशाली होते, यांच्या कबरीवरून मुलाने शेळ्या हाकलल्याचं सांगते. मग मी विचारते, "फुटलं का?"

"नाही, हिंदिया."

"मागच्या बाजूने बघितलंस?"

"मागच्या बाजूने तू येऊन बघ," ती म्हणते. "तुझी राखण अजून संपलेली नाही."